चौदा राउंडअबाउट

डॉक्टर माधवराव पोंक्षे यांनी एकतीस वर्षं लोकांना भूल दिली. हे काम मोठं विचित्र असतं. पेशंट सर्जनचं नाव जन्मभर लक्षात ठेवतो, ख्रिसमसला चॉकलेटचा डबाही सर्जनलाच येतो, आणि ज्यानं चार तास उशाशी बसून त्याचा श्वास मोजला त्याचा चेहराही त्याला आठवत नाही. माधवरावांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. निदान घराबाहेर तरी नाही.

दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात ते रिटायर झाले आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या चार खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांचे हाल सुरू झाले. राहणारं तसं दुसरं कोण? बायको प्रमोदिनी. ती अजून आठवड्यातले तीन दिवस जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करत होती. चौथ्या दिवशी घरी राहायची तिला धास्ती वाटायला लागली. माधवरावांनी फ्रीझरमधल्या प्रत्येक पिशवीची यादी करून दारावर लावली. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले. एका सकाळी गोड्या मसाल्याच्या बरणीवर चिकटपट्टी दिसली. तिच्यावर बरणी उघडल्याची तारीख, वेळ आणि खाली सही. ऑपरेशन थिएटरमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजवर करतात तशी.

त्याच दिवशी प्रमोदिनीनं मुलीला फोन केला. माधवराव जिन्यात होते. चोरून ऐकायचा त्यांचा विचार नव्हता, पण पाय हलले नाहीत.

"वरदा, ह्यांना काहीतरी काम दे गं," प्रमोदिनी म्हणत होती. "काहीही दे. खरं नसलं तरी चालेल."

ते शेवटचं वाक्य ऐकलं नसतं तर फार बरं झालं असतं.

वरदानं दोन वर्षांपूर्वी बँकेतली आयटीची चांगली नोकरी सोडली होती. नील नावाचा एक मित्र, सायकलींचा उत्तम मेकॅनिक, त्याला बरोबर घेऊन तिनं कंपनी काढली. इंग्लंडमधल्या हौशी लोकांना दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राजवळच्या द्राक्षमळ्यांतून, सहा दिवस सायकलवर फिरवून आणायचं. सामान व्हॅनमधून पुढं जाणार, लोक वाटेचं कार्ड बघत बघत सायकलवरून मागून येणार, वाटेत एखाद्या मळ्यात थांबून वाइन चाखणार, रात्री गावातल्या छोट्या हॉटेलात मुक्काम. तिनं घरी हे सांगितलं तेव्हा माधवराव म्हणाले होते, "म्हणजे कॉम्प्युटर सायन्स शिकून तू लोकांना सायकलवरून दारू प्यायला नेणार?" नंतर सहा महिने बापलेकीत फक्त हवामानाबद्दल बोलणं झालं, आणि या देशात तो विषय कितीही पुरतो.

पुढं दोघांचं बोलणं सुरू झालं, पण वरदा बापाशी फार सभ्यपणे वागायला लागली. भाडं वाचावं म्हणून तिनं ऑफिस आईवडिलांच्याच घरातल्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, थाटलं होतं, त्यामुळं माधवरावांना दिवसभर ऐकू यायचं. नीलवर ती दिवसातून पाच वेळा ओरडायची. "नील, are you mad? मी गुरुवार म्हटला होता, गुरुवार!" आणि नील ते ऐकून घ्यायचा, काम करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. माधवरावांनी चहा नेऊन दिला की मात्र आवाज मऊ. "Lovely, बाबा. Thank you so much." माधवराव एकतीस वर्षं सर्जन लोकांच्या शिव्या खात आले होते. थिएटरमध्ये ज्याच्याशी सगळे गोड बोलतात त्याच्यावाचून कोणाचं काही अडत नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना त्या नीलचा हेवा वाटायचा. वय वर्षं चौसष्ट, आणि हेवा कसला, तर मुलगी आपल्यावर ओरडत नाही याचा!

तर फोननंतर चार दिवसांनी वरदानं त्यांना काम दिलं. आदल्या शरद ऋतूत तिनं स्वतः सगळे रस्ते सायकलनं पालथे घातले होते, नकाशांवर पिवळ्या पेननं रेघ मारली होती आणि वहीत अंतरं लिहिली होती. आता त्याची रूट कार्डं करायची होती. हँडलवर अडकवायचं वीतभर कार्ड, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. किती किलोमीटरवर काय करायचं ते एकेका ओळीत.

"वेळ लागला तरी चालेल बाबा," ती म्हणाली. "No pressure at all."

माधवरावांनी जेवणाच्या टेबलावर फ्रान्स पसरला तो दोन महिने उचलला नाही. दोघं नवराबायको स्वयंपाकघरात उभ्यानं जेवू लागली. ते कधी फ्रान्सला गेलेले नव्हते, वाइन त्यांनी ओठांना लावलेली नव्हती आणि सायकलवर ते शेवटचे बसले होते पुण्यात, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. पण भिंग घेऊन ते प्रत्येक वळण पाहत. "अकरा पूर्णांक दोन: कारंज्याजवळ उजवीकडे. अकरा पूर्णांक सहा: बेकरी, रविवारी बंद." राउंडअबाउटच्या, म्हणजे चौकातल्या गोल बेटांच्या, बाबतीत तर ते बादशहाच होते. मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्याला राउंडअबाउट शिकवावे लागत नाहीत. या गावात रस्ते कमी आणि राउंडअबाउट जास्त. लंडनच्या हाउन्सलोहून गणपतीला पाहुणे यायचे तेव्हा माधवराव फोनवर डोळे मिटून सांगायचे, "एच सिक्स रस्त्याला लागा, चौथ्या राउंडअबाउटला पहिली एक्झिट, पुढच्याला तिसरी." आजवर एकही पाहुणा चुकला नव्हता. त्या हिशेबानं सहा दिवसांच्या वाटेत चौदा राउंडअबाउट म्हणजे किरकोळच काम. प्रत्येकापुढं त्यांनी एक्झिटचा, म्हणजे आत शिरल्यावर कितव्या फाट्याला बाहेर पडायचं त्याचा, नंबर लिहिला. प्रमोदिनी एकदा म्हणाली, "गावाचं नाव पण लिहा ना पुढं." ते म्हणाले, "फ्रेंच स्पेलिंग वाचता वाचता माणूस खड्ड्यात जाईल. आकडा कसा स्वच्छ असतो."

वरदानं कार्डं वाचली. "Lovely, बाबा," म्हणाली.

पहिला ग्रुप मे महिन्यात गेला. आठ माणसं, सगळी बर्मिंगहॅमच्या एका सायकल क्लबची. म्होरक्या होत्या मिसेस हॉजेट्स, वय सदुसष्ट, रिटायर झालेल्या ग्रंथपाल. क्लबच्या सेक्रेटरी त्याच. ट्रिप आवडली तर सप्टेंबरात क्लबचे आणखी वीस जण यायचे होते. नाही आवडली तर काय, हे वरदा बॉक्स रूममध्ये नीलला सांगताना माधवरावांनी ऐकलं होतं. "हे वीस नाही आले ना, तर मी बँकेला फोन करणार. माझा जुना मॅनेजर अजून घेईल मला." आवाज तेव्हा ओरडण्याचा नव्हता.

रविवारी सकाळी मंडळी पहिल्या गावातून सायकलवर निघाली. वरदा आणि नील सामानाची व्हॅन घेऊन डोंगरातल्या रस्त्यानं मुक्कामाकडं गेली. कार्डाच्या तळाशी दोन फोन नंबर होते. पहिला वरदाचा मोबाइल, आणि तो लागला नाही तर हा, मिल्टन कीन्सच्या घरचा. दुसरा नंबर आपल्याला बरं वाटावं म्हणून घातलाय, अशी माधवरावांची समजूत होती. तरी सकाळीच त्यांनी टेबलावर फ्रान्स पुन्हा पसरला होता.

दुपारी पाऊण वाजता फोन वाजला.

"डॉक्टर पोंक्षे? मी ऑड्री हॉजेट्स. तुमच्या मुलीचा फोन लागत नाहीये, म्हणून तुम्हाला त्रास देतेय. आम्ही हरवलोय असं मला वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे आमच्यातला एरिक म्हणतोय हरवलो, आणि मी आत्तापर्यंत नाही म्हणत होते."

माधवरावांचा आवाज आपोआप थिएटरमधला झाला. टेबलावर आडव्या पडलेल्या, घाबरलेल्या माणसाशी बोलायचा संथ, खालचा आवाज. तो त्यांनी सहा महिन्यांत वापरला नव्हता.

"सगळे ठीक आहात ना? पाणी आहे? कोणाला चक्कर वगैरे? नाही? उत्तम. आता मला सांगा, सूर्य कुठं आहे?"

"डोक्यावर."

"बरं. आजूबाजूला काय दिसतंय?"

"द्राक्षं," मिसेस हॉजेट्स म्हणाल्या. "डावीकडं द्राक्षं, उजवीकडं द्राक्षं. मागं एरिक, आणि त्याच्या मागं द्राक्षं."

प्रमोदिनी वरणभाताचं ताट घेऊन आली. "फ्रान्सवर ठेवू नकोस!" माधवराव फोनवर हात ठेवून ओरडले. ती ताट घेऊन उभी राहिली.

पाच मिनिटांच्या चौकशीत एक पाण्याची टाकी निघाली, उंच, छत्रीच्या आकाराची. आणि एक बंद पडलेली रेल्वेलाइन, रुळांमध्ये गवत वाढलेलं. माधवराव भिंग घेऊन नकाशावर सरकत गेले. टाकी सापडली. रेल्वेलाइन सापडली. पिवळ्या रेघेपासून ती जागा चांगली नऊ किलोमीटर बाजूला होती.

"तेवीस पूर्णांक चारला राउंडअबाउट होतं," ते म्हणाले. "तिथं पहिली एक्झिट घ्यायची होती."

"घेतली की. पहिलीच घेतली. पाटीवर भलतंच गाव होतं, एरिक म्हणालासुद्धा. पण डॉक्टर, तोपर्यंत तुमचं कार्ड इतकं चोख होतं, अगदी बेकरी बंद असल्याचंसुद्धा खरं निघालं, की आम्ही पाटीवर विश्वास ठेवला नाही."

"पहिली एक्झिट. म्हणजे डावीकडं."

"नाही हो, उजवीकडं. इथं राउंडअबाउटला उलट्या बाजूनं फिरतात ना. पहिली येते ती उजवीकडचीच."

माधवरावांनी भिंग खाली ठेवलं.

अर्थातच! फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. त्यांनाही ठाऊक होती, पहिल्या कार्डाच्या डोक्यावर त्यांनीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उजव्या बाजूनं चालवा.' आणि मग चौदाच्या चौदा राउंडअबाउटवर त्यांचं बोट मिल्टन कीन्सच्या सवयीनं घड्याळासारखं फिरलं होतं. सरळ जायचं तिथं काही बिघडत नव्हतं, दुसरी ती दुसरीच. पण जिथं वळायचं, तिथं डावं ते उजवं आणि उजवं ते डावं झालं होतं. आजच्या दिवसातली पहिली दोन राउंडअबाउट सरळ होती, म्हणून तेवीस किलोमीटर निभावलं.

"डॉक्टर? आहात ना?"

"आहे," माधवराव म्हणाले. "मिसेस हॉजेट्स, चूक माझी आहे. तुमची नाही आणि एरिकची तर नाहीच नाही. आता दोन रस्ते आहेत. आलात तसे नऊ किलोमीटर मागं जा. नाहीतर टाकीच्या मागून एक बारीक रस्ता टेकडीवरून जातो, चार किलोमीटर. नकाशावर चढाचा एक बाण आहे. एकच आहे, पण आहे."

पलीकडं थोडी कुजबुज झाली. "टेकडी," मिसेस हॉजेट्स म्हणाल्या. "एरिकला मागं जाण्याचा कंटाळा आहे."

"मग दर दहा मिनिटांनी मला फोन करा. मी इथून हलत नाही."

आणि ते हलले नाहीत. दर दहा मिनिटांनी फोन वाजला. पहिल्या फोनला सगळे चढावर होते आणि बोलणाऱ्या मिसेस हॉजेट्सना धाप लागली होती. माधवरावांनी त्यांना थांबवून दीर्घ श्वास घ्यायला लावला, चार मोजून आत, चार मोजून बाहेर. दुसऱ्या फोनला तिघं सायकल हातात धरून चालत होते. तिसऱ्याला माथा आला होता आणि पलीकडं दूरवर समुद्राची रेघ दिसत होती. मिसेस हॉजेट्सना ती एवढी आवडली की त्या दोन मिनिटं तिच्याबद्दलच बोलल्या. चौथा फोन खालच्या गावातून आला. सहकारी वाइनरीच्या दारात एका म्हाताऱ्यानं आठही जणांना सावलीत बसवून गार रोझे वाइन आणि ऑलिव्ह दिले होते आणि पुढचा मुक्काम अवघा सहा किलोमीटर उरला होता. माधवरावांनी घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी. वरणभात गार झाला होता.

"पोचतील ना हो आता?" प्रमोदिनीनं विचारलं.

"हे पोचतील. अजून पाच दिवस आहेत." त्यांनी बाकीची कार्डं पत्त्यांसारखी पुढं मांडली. "अकरा राउंडअबाउट राहिलीत. त्यातली तीन सरळ. आठ ठिकाणी मी त्यांना भलतीकडं पाठवलंय. परवा तर पार हायवेवर."

प्रमोदिनी खुर्ची ओढून बसली. ती मोठी व्यवहारी बाई. "सांगताय कशाला वरदाला? नवीन कार्डं करा, फॅक्सनं हॉटेलवर पाठवा. म्हणा, रस्त्याचं काम निघालंय, म्हणून बदल केलाय. कुणाला कळतंय?"

माधवरावांनी विचार केला नाही असं कोणी समजू नये. पुरता एक मिनिटभर केला. तेवढ्यात फोन वाजला. वरदा होती. डोंगरातून बाहेर आल्यावर तिच्या मोबाइलवर नऊ मिस्ड कॉल उमटले होते.

"बाबा? काय झाला? सगळे कुठे आहेत?"

"सगळे सुखरूप आहेत. सहा किलोमीटरवर आहेत, वाइन पीत बसलेत. वरदा, ऐक. माझ्या हातून चूक झाली." आणि त्यांनी सगळं सांगितलं. एक्झिट, घड्याळ, चौदा, आठ, हायवे. काही गाळलं नाही.

पलीकडं नील कोणाशीतरी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत होता.

"It's okay, बाबा," वरदा म्हणाली. आवाज मऊ, अगदी लोण्यासारखा. "मी पण वाचले होते कार्ड्स. मलापण नाही कळला. Don't worry about it. मी आज रात्री बसून सगळे नवीन करते. तुम्ही आराम करा. You've done so much already."

फोन ठेवला तेव्हा माधवरावांचा चेहरा पाहून प्रमोदिनी घाबरली. "ओरडली का?"

"नाही," माधवराव म्हणाले. "आराम करा म्हणाली."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं, रडू यावं इतकं. दोन महिने भिंग डोळ्याला लावून केलेलं काम, आणि ते काम नव्हतंच. म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायची सोय होती. काम असतं तर चूक झाल्यावर कोणीतरी चिडलं असतं. नीलनं ही चूक केली असती तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं आणि संध्याकाळी सहाच्या आत निस्तरायला लावली असती. मग माधवराव एकदम वळले.

"ती रात्री बसणार. दिवसभर व्हॅन चालवून, आठ लोकांचं सामान उचलून, रात्री बसणार! आणि घाईत तीही तेच करेल, मिल्टन कीन्सलाच वाढलीय." त्यांनी पेन्सिल उचलली. "आधी मी करतो."

पण हात ऐकेना. कागदावर राउंडअबाउट काढावं, मनाशी 'उलट, उलट' म्हणावं आणि बोटानं आपलं सुलटंच फिरावं. दोनदा केलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं असं वाटलं, तर प्रमोदिनीनं तपासून तेही चूक ठरवलं. मग त्यांनी पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "चल बाहेर. येताना दोन खुर्च्या घे."

त्यांची गल्ली पुढं बंद होती. शेवटी गाड्या वळवायला गोल मोकळी जागा. माधवरावांनी जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या चार दिशांना मांडल्या, मधोमध प्रमोदिनीला कार्डं आणि नकाशा देऊन उभं केलं आणि गॅरेजमधून वरदाची शाळेतली जांभळी सायकल बाहेर काढली. तिच्या हँडलला अजून झिरमिळ्या होत्या.

"अहो, पडाल!"

"पडलो तर तू डॉक्टर आहेस. वाच."

"सोमवार. चौदा पूर्णांक आठ. यायचं दक्षिणेकडून, जायचं पश्चिमेला."

माधवराव दक्षिणेच्या खुर्चीपासून निघाले, डगमगले, सावरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा राउंडअबाउटला उलट्या बाजूनं शिरले. पूर्वेची खुर्ची गेली. "एक!" ते ओरडले. उत्तरेची गेली. "दोन!" पश्चिमेच्या खुर्चीशी ते बाहेर पडले. "तीन! तिसरी एक्झिट, लिही! आणि बाण काढ!" प्रमोदिनीनं लिहिलं, बाण काढला.

शेजारचा गाडी धूत होता. त्यानं होजपाइप बंद केला. निळी साडी नेसून गोलाच्या मधोमध उभी असलेली डॉक्टरीणबाई आणि तिच्याभोवती जांभळ्या सायकलवर गोल गोल फिरत आकडे ओरडणारा नवरा त्यानं बराच वेळ पाहिला. "Everything all right, Doctor?"

"फ्रान्स!" माधवराव समोरून जाताना म्हणाले. तेवढ्यानं त्याचं समाधान झालेलं दिसलं.

मंगळवारी तीन राउंडअबाउट होती, ती होईपर्यंत पाय भरून आले. बुधवारच्या एकाला पाच फाटे निघाले, म्हणून आतून बाथरूममधलं स्टूल आणावं लागलं. गुरुवारी प्रमोदिनीला हसू आवरेना. ती मध्ये उभी राहून हसत होती आणि ते तिच्याभोवती फिरत होते. "आपल्या लग्नात तुम्ही पण एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या हो," ती म्हणाली. माधवरावांना श्वास पुरत नव्हता, नाहीतर त्यांनी उत्तर दिलं असतं.

प्रत्येक राउंडअबाउट त्यांनी दोनदा फिरून पाहिलं. शेवटचं झालं तेव्हा पावणेपाच वाजले होते. टायपिंगला वेळ नव्हता. जुन्याच कार्डांच्या प्रतींवर त्यांनी चुकीचे आकडे खोडून नवे लिहिले, शेजारी बाण काढले, आणि सव्वापाचला पाचही पानं हॉटेलच्या फॅक्सवर गेली. वर एक ओळ लिहिली, 'वरदा, प्रत्येक दोनदा तपासलं आहे. बाबा.' मग ते सोफ्यावर आडवे झाले. मिसेस हॉजेट्सचा निरोप येऊन गेला होता की सगळे पोचले, टेकडी भयंकर होती आणि एरिक आता ती टेकडी आपणच शोधून काढली असं सगळ्यांना सांगतो आहे.

पावणेसहाला फोन वाजला. माधवरावांनी उचलला. थँक यू सो मच, लव्हली, यासाठी मन घट्ट करूनच उचलला.

"बाबा, हे काय आहे?"

"का? काय झालं?"

"काय झाला काय? मला वाचता येत नाहीये! It's a fax, बाबा! तुमचा अक्षर म्हणजे... हे तीन आहे का पाच आहे? मंगळवारचा दुसरा राउंडअबाउट, तिथे बाण आहे का मुंगी मेलीये? आठ लोक सकाळी आठला निघणार, मी त्यांना हे देऊ? Are you mad?"

माधवराव उठून बसले.

"तीन आहे," ते म्हणाले. "पण घाई होती म्हणून मी..."

"नको! Don't explain! तुम्ही नेहमी explain करता! आकडे बरोबर आहेत, मी चेक केले, सगळे बरोबर आहेत, पण वाचता आला पाहिजे ना कोणाला! टाइप करा. सगळे पाच. बाण मोठे काढा, काळा पेननी. And गावाची नावं टाका, मी आधीच बोलायला पाहिजे होता. मला अर्ध्या तासात पाहिजेत, हॉटेलवाला फॅक्स बंद करून जेवायला जातो. अर्धा तास, बाबा!"

"हो."

"आणि नीट!"

खाडकन फोन बंद झाला. थँक यू नाही, बाय नाही, काही नाही.

माधवराव हातातल्या रिसीव्हरकडं बघत राहिले. प्रमोदिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. त्यांचे डोळे भरून आलेले तिला दिसले आणि ती चपापली.

"काय झालं? काय म्हणाली?"

"ओरडली," माधवराव म्हणाले.

"अगं बाई. फार?"

"फार. नीलवर ओरडते ना, त्याच्यापेक्षाही जास्त." ते उठले. पाय लटपटत होते, पण ते जवळजवळ धावतच बॉक्स रूमकडं निघाले. प्रमोदिनी दारातच उभी होती, काहीतरी विचारायच्या बेतात.

"बाजूला हो गं," ते म्हणाले. "मला अर्धाच तास दिलाय."